खोली दोनची दुरुस्ती

"वन्सं, तुमी दिवसभर त्या कंप्युटरम्होरं बसून नेमकं काय मोडता?" माझ्या वहिनीनं एकदा मला विचारलं.

टाळेबंदीत घरून काम सुरू झालं तेव्हा मी पुण्यातला फ्लॅट बंद करून बोरी बुद्रुकला भावाकडे राहायला आले होते. पुढे निवृत्त होईपर्यंत तिथूनच काम केलं. माडीवरच्या खोलीतून मी फोनवर "मोडलं! मोडलं एकदाचं!" असं आनंदानं ओरडले की ते खाली ओट्यावर भाजी निवडणाऱ्या वहिनीला ऐकू जायचं. तिचा प्रश्न रास्तच होता.

माझं काम मोडण्याचंच होतं. आमची कंपनी व्हर्जन कंट्रोलचं सॉफ्टवेअर बनवायची. ते काय असतं, हे मी वहिनीला तिच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरून सांगितलं होतं. पत्रिकेचा मजकूर घरात फिरत होता. मामांनी त्यात दोन नावं घातली, चुलत्यांनी एक काढलं, भावानं मुहूर्ताची वेळ सुधारली आणि शेवटी छापखान्यात गेला तो भलताच कागद. कुणी, कधी, काय बदललं ते कुणालाच सांगता येईना. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं रोज हेच होतं, कारण एकाच कामावर अनेक माणसं एका वेळी हात चालवत असतात. प्रत्येकाचा बदल त्याच्या नावासकट जपून ठेवायचा आणि दोघांनी वेगवेगळे केलेले बदल न सांडता एकत्र करायचे, हे व्हर्जन कंट्रोलचं काम. या एकत्र करण्याला आम्ही मर्ज म्हणतो. सगळी दुखणी बहुतेक तिथंच उपजतात.

आणि दुखणं एकदा बरं केलं तरी ते उलटतं. सहा महिन्यांनी दुसरा कुणीतरी वेग वाढवायला म्हणून शेजारची चार वाक्यं बदलतो आणि जुनी चूक पुन्हा उभी राहते. तिला रिग्रेशन म्हणतात. ती उलटू नये म्हणून प्रत्येक दुरुस्तीबरोबर एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवायचा. सॉफ्टवेअरमध्ये कुणीही काहीही बदललं की तो आपोआप चालतो आणि ती एकच चूक परत आली आहे का, एवढंच बघतो. ही रिग्रेशन टेस्ट. अशा टेस्ट लिहिण्यात माझी नोकरी गेली.

त्यातही नेमकी टेस्ट लिहिणं अवघड. मोठी, पसरट टेस्ट नापास झाली तर काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं, आणि मग अख्खी खोली एकमेकांकडे बघत बसते. नेमकी टेस्ट नापास झाली की काय बिघडलंय ते कळतं. त्यासाठी गिऱ्हाइकाच्या घरचा सगळा पसारा आणायचा आणि त्यातली एकेक वस्तू बाजूला काढत जायचं. काढली तरी चूक राहते का? राहते. मग ती वस्तू नको. असं करत शेवटी एवढंच उरतं की त्यातलं काहीही काढलं तर चूक नाहीशी होते. तेवढंच लिहायचं, वर एक शब्द नाही. आणि दुरुस्तीच्या आधी ती टेस्ट नापास झालीच पाहिजे. दुरुस्तीच्या आधीच पास होणारी टेस्ट काहीच सिद्ध करत नाही. म्हणून आमच्या धंद्यात पडद्यावर लाल अक्षरं दिसली की माणूस खुश होतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका गृहस्थांचं भागीदाराशी भांडण झालं, तर त्यांनी फोन करून सांगितलं की आमच्या कामाच्या सगळ्या इतिहासातून त्याचं नाव पुसून टाका. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या प्रोग्रामचा निम्मा भाग त्यांनी लिहिलाय." ते म्हणाले, "तेच तर सहन होत नाही." त्यांची समजूत काढता काढता माझी दुपार गेली. पण पुसायला सांगणारे विरळाच. बहुतेकांचं म्हणणं असतं की मी केलं होतं, ते गेलं कुठं.

विकासचं म्हणणं तेच होतं.

त्याची तक्रार माझ्यासमोर आली ती बंद झालेल्या तक्रारींच्या ढिगातून. मदतकक्षातल्या कुणीतरी 'वापरणाऱ्याची चूक' असा शेरा मारून ती मिटवली होती. रिकाम्या वेळी असे ढीग चाळायची मला सवय होती. तक्रार लांबलचक होती आणि रागात लिहिली होती. इंग्रजी मध्येच तुटत होतं आणि एके ठिकाणी चक्क मराठी वाक्य होतं: 'मी खोली दोनचीच फाइल बदलली होती, देवाशपथ.' खाली पत्ता आळेफाट्याचा. आळेफाटा म्हणजे आमच्या बोरीच्या माणसाचं रोजचं जाणं-येणं. मी नंबर फिरवला.

"तुमची तक्रार वाचली. मी टेस्टिंगमधून बोलतेय," मी म्हटलं.

पलीकडून ट्रकच्या इंजिनाचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "ती बंद केलीय ना तुम्ही?"

"मी उघडली परत."

"आता काय उपयोग, मॅडम? नोकरी गेली माझी. मी इथं गाड्यांचं वायरिंग करतो."

त्याच्याकडून त्या दिवशी आणि नंतर कळलं ते असं. विकास एका लहानशा कंपनीत इंजिनिअर होता. ती कंपनी कोल्ड स्टोरेजच्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहायची आणि ते जपायला आमचं सॉफ्टवेअर वापरायची. आंबेगाव तालुक्यात हायवेलगत एक कोल्ड स्टोरेज होतं, तिथलं काम विकासकडे होतं. तिथं दोन खोल्या. गार हवा सोडणाऱ्या नळ्यांवर बर्फ साचतो, तो साचत गेला की हवा गार होणं थांबतं, म्हणून ठरावीक वेळानं यंत्र स्वतःच तो बर्फ वितळवतं. खोली दोनमध्ये बर्फ लवकर साचतो असं विकासच्या लक्षात आलं आणि त्यानं खोली दोनच्या फाइलमध्ये ती वेळ बदलली. एका ओळीची दुरुस्ती.

त्याच सुमारास त्याच्या सहकाऱ्यानं सगळ्या फाइली गिऱ्हाइकांच्या नावांच्या नव्या फोल्डरांत हलवल्या आणि त्यांची नावंही बदलली. दोघांची कामं मर्ज झाली. नवा प्रोग्राम यंत्रात गेला. आणि खोली दोनमध्ये बर्फ साचत राहिला.

त्या खोलीत सातगाव पठारावरच्या शेतकऱ्यांचं बटाट्याचं बियाणं होतं. पठारावर बटाटा हेच पीक. पावसाच्या तोंडावर लागवड करायची, त्याआधी बियाणं गारव्यात ठेवायचं. गोण्या बाहेर काढल्या तेव्हा काही बटाट्यांना लांब कोंब सुटले होते, काही आतून काळे पडले होते, कित्येक गोण्यांतून पाणी गळत होतं. वासानं खोलीत उभं राहवत नव्हतं, असं विकास म्हणाला.

कंपनीच्या मालकांनी फाइली उघडून पाहिल्या. विकासची दुरुस्ती खोली एकच्या फाइलमध्ये होती. आमच्याच सॉफ्टवेअरमधला इतिहास काढून पाहिला, तर तोही सांगत होता की विकासनं खोली एकची फाइल बदलली. झालं. विकासनं चुकीच्या खोलीत दुरुस्ती केली, पठाराचं बियाणं सडवलं, हे सगळ्यांसमोर ठरून गेलं. त्याला काढून टाकलं.

"आणि मॅडम," तो म्हणाला, "पठार म्हणजे माझी सासुरवाडी."

त्याच्याकडे कामाची एक जुनी प्रत घरच्या कंप्युटरवर राहिली होती, ती मागवून घेतली.

मी तो पसारा एकेक करून काढायला बसले. यंत्राचे प्रोग्राम काढले, चूक राहिली. इतर गिऱ्हाइकं काढली, राहिली. शेवटी उरल्या दोन फाइली, खोली एक आणि खोली दोन. त्या अक्षरन् अक्षर सारख्या होत्या. कारण सोपं होतं: खोली दोनचं यंत्र बसवताना कुणीतरी खोली एकची फाइल जशीच्या तशी उचलून ठेवली होती. सगळेच असं करतात.

आता मर्जच्या वेळी आमच्या सॉफ्टवेअरपुढं प्रश्न असा होता. जुन्या दोन फाइली गेल्या, नव्या नावांच्या दोन आल्या. कुठली जुनी कुठली नवी झाली? ते मजकूर जुळवून अंदाज करायचं. पण मजकूर चौघींचा एकच. अशा वेळी त्यानं नावांतलं साम्य बघायला हवं होतं. त्याऐवजी ते वर्णानुक्रमानं जी पहिली सापडेल ती उचलत होतं, आणि खोली दोनची दुरुस्ती खोली एकच्या गळ्यात पडत होती. इतिहास दाखवतानाही तोच अंदाज वापरला जात असल्यामुळे साक्षीदारही तेच खोटं सांगत होता. विकासची मूळ नोंद आत खोलवर शाबूत होती आणि तीत खोली दोनच लिहिलं होतं. पण ती तशी उघडून पाहण्याचं कुणाच्या मनातच आलं नाही.

मी टेस्ट लिहिली. दोन सारख्या फाइली करा. एकीकडे दोन्ही हलवा. दुसरीकडे दुसरीतली एक ओळ बदला. मर्ज करा. ओळ दुसरीच्या नव्या जागी आहे का बघा, आणि पहिलीत ती नाही हेही बघा. चालवली. पास झाली.

मी चक्रावले. पुन्हा चालवली, पुन्हा पास. दोन दिवस मी त्या हिरव्या अक्षरांकडे बघत होते. मनात यायला लागलं की मदतकक्षाचं म्हणणंच खरं असेल, माणूस राग आणि लाज यांच्या भरात स्वतःलाही खोटं पटवतो. मग लक्षात आलं, फाइलींना नावं मी माझ्या मनाची दिली होती, आणि त्या नावांच्या वर्णानुक्रमात बरोबरची फाइल योगायोगानं आधी येत होती. विकासची नावं जशीच्या तशी घातली. टेस्ट लाल झाली.

त्या दिवशी मात्र मी ओरडले नाही. वहिनी चहा घेऊन वर आली आणि म्हणाली, "आज काय मोडलं न्हाई वाटतं?" मी म्हटलं, "मोडलंय वहिनी. वर्षापूर्वीच मोडलंय."

आमच्या जुन्या आवृत्त्या एकेक करून तपासल्या तर आणखी वाईट गोष्ट निघाली. ही चूक मधल्या काळात नव्हती. एका जुन्या सहकाऱ्यानं कधीकाळी ती दुरुस्त केली होती, नावं ताडून बघायची चार वाक्यं घातली होती. पण टेस्ट लिहिली नव्हती. पुढे मर्ज वेगवान करताना ती वाक्यं कुणाला बिनकामाची वाटली आणि गळली. रखवालीला कुणी नव्हतंच. ती चार वाक्यं काढणारी होती रोहिणी, आमच्यातली सगळ्यांत हुशार मुलगी. तिला मी टेस्ट दाखवली. तिनं ती वाचली, चालवली, लाल अक्षरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे माझं आहे." तिनं दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली. टेस्ट हिरवी झाली. रोहिणीला कुणी एका शब्दानं बोललं नाही आणि ते योग्यच होतं; काम करणाऱ्याकडून चुका होतात, म्हणून तर टेस्ट असतात. पण मला राहून राहून वाटत होतं की जिच्या हातून चूक झाली तिला आम्ही किती सहज सांभाळून घेतलं, आणि ज्याच्या हातून झालीच नव्हती तो आळेफाट्याला ट्रकखाली झोपून वायरी जोडत होता.

आमचे मॅनेजर सामंत सर म्हणाले, "छान काम. नव्या आवृत्तीच्या माहितीत 'मर्जमध्ये सुधारणा' असं टाकू."

"सुधारणा नाही सर. दुरुस्ती चुकीच्या फाइलमध्ये जात होती, असं स्पष्ट लिहू या. आणि त्या कंपनीला पत्र पाठवू."

"एवढं जुनं प्रकरण? गिऱ्हाइकानं विषय सोडून दिलाय."

"गिऱ्हाइकानं सोडलाय. त्यांच्या माणसाला सोडता आलेला नाही."

सामंत सर माणूस वाईट नव्हते. वकिलांना विचारलं, वरच्यांना विचारलं, आठवडे गेले. शेवटी माहितीत एक स्वच्छ वाक्य छापलं गेलं आणि कंपनीच्या मालकांना पत्रही गेलं. मालकांचं दोन ओळींचं उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभारी आहोत. पुढं त्यांनी काहीच केलं नाही.

मी विकासला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो आनंदून जाईल.

"मला पटवायची गरज नव्हती, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "मला माहीतच होतं. पठारावर कोण सांगणार?"

मग त्यानं मला राहिलेली गोष्ट सांगितली. त्याच्या सासऱ्यांनी, किसनरावांनी, गावात सगळ्यांना सांगितलं होतं की माझा जावई आहे तिथं, बियाणं निर्धास्त ठेवा. लोकांनी त्यांच्या शब्दावर ठेवलं. ते सडल्यावर माणसं किसनरावांच्या दारात आली, आणि किसनरावांनी सगळ्यांदेखत विकासला नको ते ऐकवलं. तेव्हापासून ये-जा बंद. विकासची बायको अर्चना माहेरी गेली नव्हती. भावाच्या साखरपुड्यालाही नाही.

"तिला कुणी जाऊ नको म्हटलं नाही," विकास म्हणाला. "तीच म्हणते, तुम्हाला बोलावल्याशिवाय जायचं नाही."

प्रत्येक टेस्टच्या वर एका ओळीत ती कशासाठी आहे ते लिहायची पद्धत असते. मी विचारलं, "तुमचं नाव टाकू का तिथं?"

त्यानं थोडा विचार केला. "टाका. पण 'यांची तक्रार' असं लिहू नका. 'यांनी दाखवून दिलं' असं लिहा."

तसं लिहिलं.

पुढच्या रविवारी मी पठारावर गेले. कंपनीनं मला पाठवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नाही. मंचरच्या पुढं पेठवरून वर चढलं की पठार लागतं. बटाट्याची काढणी चालू होती, रस्त्याकडेला गोण्यांच्या थप्प्या होत्या. किसनरावांचं घर कुणीही दाखवलं. उंच, सडसडीत म्हातारा. मी विकासचं नाव घेतलं तसा त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"त्याच्याकडून आलाय व्हय?"

"त्यानं पाठवलं नाही. पण त्याच्याबद्दलच बोलायचंय. ज्यांचं बियाणं गेलं त्यांना बोलवाल का? सगळ्यांसमोर सांगायचंय."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग लोकांना बोलवायला उठून गेले. हळूहळू अंगणात माणसं जमली. कुणी शेतातून तसेच मातीच्या पायांनी आले. दोन बायकाही दाराशी येऊन बसल्या.

आयुष्यभर मी आमच्या सॉफ्टवेअरबद्दल खोलीभर इंजिनिअरांसमोर बोलत आले होते, तेव्हा कधी शब्द शोधावे लागले नाहीत. इथं शोधावे लागले. मी सांगितलं की दोन फाइली होत्या, जुळ्या भावंडांसारख्या. दोघींची नावं बदलून दोघींना नव्या घरी न्यायचं होतं. विकासनं औषध दिलं होतं दुसरीला, बरोबर दिलं होतं. नेताना आमच्या सॉफ्टवेअरनं अदलाबदल केली आणि औषध पहिलीच्या नावावर लागलं. विकासनं तुमच्याच खोलीचं काम केलं होतं.

मग बबनराव म्हणून एक जाडजूड गृहस्थ होते, ते म्हणाले, "मंग चूक कुनाची?"

"आमच्या सॉफ्टवेअरची."

"सॉफ्टवेअर काय झाडाला लागतं व्हय? मानसाचं नाव सांगा."

"आमची. आम्ही बनवलंय ते. मी त्यातलीच एक."

"आन् तुमी आत्ता आलाव?" बबनरावांचा आवाज चढला. "अख्खा हंगाम गेला आमचा. रानं तशीच पडली. माझ्या थोरल्यानं चाकणला कंपनीत हेल्परकी धरली त्या साली, त्यो अजून माघारी आला न्हाई. आन् तुमी आत्ता सांगायला येता?"

"उशीर झाला," एवढंच मी म्हणाले. ते आणखी बोलले आणि मी ऐकून घेतलं. ते बोलणं खरं तर आमच्या कंपनीतल्या वरच्यांनी ऐकून घ्यायला हवं होतं, पण त्या अंगणात आमच्यातर्फे मीच एकटी होते.

मग दाराशी बसलेल्या बायकांपैकी एक, किसनरावांच्या पत्नी, पहिल्यांदा बोलल्या. मोठ्यानं नाही. "बी सडलं ते सडलं. दुसरं आनलं, लावलं, आलं बी. त्या पोराला आपुन काय काय बोललो, त्ये कसं माघारी घ्यायचं?"

किसनराव खाली मान घालून बसले होते. माणसं एकेक करून उठली. जाताना बबनराव माझ्याजवळ थांबले, म्हणाले, "आलाव ते बरं केलं. पानी तरी प्या," आणि तांब्या पुढं केला.

मी किसनरावांना विकासचा नंबर देऊ केला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "फोनवर बोलायची गोष्ट न्हाई ती. तुमी आळेफाट्याकडंच जानार ना? चला, मी सोडतो. मला त्याचं दुकान ठावं न्हाई, तुमी दाखवा."

त्यांनी पिकअप काढली. किसनरावांच्या पत्नीनं धावत येऊन एक पिशवी आत ठेवली. मंचर गेलं, कळंब गेलं, नारायणगाव आलं, म्हातारा रस्त्यावरून नजर न हलवता गाडी चालवत होता. ओझरच्या गणपतीचा फाटा आला तेव्हा त्यांनी एक हात स्टेअरिंगवरून काढून छातीशी नेला, एवढंच.

विकासचं दुकान म्हणजे दोन गाळे, पुढं ट्रक, बाजूनं वर जायला लोखंडी जिना, वर बिऱ्हाड. पिकअप थांबली. विकास एका ट्रकच्या केबिनमध्ये वाकून वायरी ओढत होता. मी उतरले. किसनराव मात्र उतरेनात. इंजिन बंद करून, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत राहिले. विकासनं वळून पाहिलं आणि तो जागीच थबकला. हातातला पाना त्यानं हळूच खाली ठेवला.

शेवटी किसनराव खाली आले. जावयाकडे न बघता गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याचा इंडिकेटर चालत न्हाई. बघतो का जरा?"

वाटेत प्रत्येक वळणावर तो लागत होता. मी शेजारीच बसले होते.

विकास गाडीपाशी आला. आत वाकून त्यानं बटण दाबलं, पुढं येऊन पाहिलं, मागं जाऊन पाहिलं. डावा लागला. उजवा लागला.

"चालतोय की, मामा."

"चालतोय?"

"चांगला चालतोय. काही बिघाड नाही."

किसनरावांनी टोपी काढून हातात घेतली. "मंग माझंच चुकलं," ते म्हणाले. "लई चुकलं."

शेजारून एक कंटेनर धडधडत नाशिककडे गेला. तो जाईपर्यंत दोघं तसेच उभे होते. विकासनं फडक्याला हात पुसले, पुसतच राहिला. मग जिन्याकडे मान करून म्हणाला, "अर्चना वर आहे. जा तुम्ही, मी आलोच."

म्हाताऱ्यानं पिकअपमधली पिशवी घेतली आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढायला लागला. वर दार उघडल्याचा आवाज झाला. "आबा?" असा एक शब्द ऐकू आला.

विकास गाडीपाशीच होता. त्यानं पुन्हा आत हात घातला आणि बटण डावीकडे केलं, उजवीकडे केलं, पुन्हा डावीकडे केलं. मी रस्ता ओलांडून बोरीच्या जीपमध्ये जाऊन बसले. जीप भरेपर्यंत मला तो दिवा लागताना, विझताना दिसत होता.